लिनक्सचा सातबारा कुणाच्या नावावर?

बांधावरचा | रवि, रात्री ९:५०

दिवाळीत दादा घरी आला होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तलाठी म्हणून लागला, मंडळ अधिकारी होऊन निवृत्त झाला. माझा जुना लॅपटॉप सुरू होताना पाहून म्हणाला, "हे विंडोज दिसत नाही. कुठल्या कंपनीचं?" म्हटलं, कंपनीचं नाही, लिनक्स आहे, फुकट असतं. "फुकट असू दे रे, मालक कोण?" म्हटलं, तसा कुणीच नाही. दादाने चष्मा काढून पुसला. "असं नसतं. गायरान असलं तरी सातबाऱ्यावर सरकारचं नाव लागतं. शोधून सांग."

पंधरा दिवस शोधत होतो. मी पतसंस्थेत हिशेब बघणारा माणूस, संगणकातला तज्ज्ञ नव्हे. चुकलं असेल तिथे जाणकारांनी कान धरावा.

मूळ जमीन युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पडून असलेल्या एका पीडीपी-७ यंत्रावर ती कसायला घेतली. बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा, आणि १९५६ च्या एका तडजोडीमुळे त्या कंपनीला टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात शिरायला बंदी होती. म्हणून युनिक्स विद्यापीठांना किरकोळ पैशांत, तेही सोर्स कोडसकट (म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ लिखाणासकट) मिळालं. पोरं त्यावरच शिकली. १९८४ मध्ये कंपनीची वाटणी झाली, बंदी उठली आणि मोकळ्या रानाला तारेचं कुंपण पडलं.

रिचर्ड स्टॉलमन या एमआयटीतल्या माणसाला हे सहन झालं नाही. सप्टेंबर १९८३ मध्येच त्याने जाहीर केलं होतं की युनिक्ससारखीच पण पूर्ण मोकळी सिस्टीम लिहिणार. नाव ग्नू.

तिकडे ॲमस्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम हे प्राध्यापक. त्यांनी १९८७ साली मुलांना शिकवण्यासाठी मिनिक्स नावाची छोटी सिस्टीम लिहिली. कोड वाचायला मिळायचा, पण बदलून मोकळेपणी वाटायची परवानगी नव्हती.

आता आपला गडी. लिनस टोरवाल्ड्स, हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी. जानेवारी १९९१ मध्ये त्याने हप्त्यावर ३८६ चिपचा पीसी घेतला. मेमरी किती? ४ एमबी. त्यावर मिनिक्स टाकलं. विद्यापीठाच्या संगणकाला घरून फोन लावता यावा म्हणून एक लहानसा प्रोग्रॅम लिहायला बसला. मग फाइल उतरवून घ्यायची म्हणून डिस्कचा ड्रायव्हर लिहिला, मग फाइल सिस्टीम. अंगणात छपरी घालायला घेतली आणि बघता बघता वाडा व्हायला लागला. २५ ऑगस्ट १९९१ ला मिनिक्सवाल्यांच्या चर्चेत त्याने लिहिलं की ३८६ साठी एक फुकट सिस्टीम करतोय, नुसता छंद आहे, ग्नूसारखं मोठं आणि व्यावसायिक काही नाही. आणि माझ्याकडे आहे त्या प्रकारची हार्ड डिस्क सोडून दुसरं काही चालेल असं वाटत नाही.

सप्टेंबरात ०.०१ आवृत्ती आली. १०,००० ओळींच्या आसपास. नाव तो फ्रीक्स ठेवणार होता. ज्या सर्व्हरवर ती ठेवली तिथल्या आरी लेम्के यांना ते रुचलं नाही, त्यांनी फोल्डरला परस्पर लिनक्स नाव दिलं. म्हणजे बारशाला बापाला विचारलंच नाही!

आता मुद्द्याचं. नाव लिनसचं, भांडी-कुंडी ग्नूची, आराखडा युनिक्सचा, आणि नंतर हजारोंनी येऊन कोड लिहिला. मग सातबाऱ्यावर नाव कुणाचं?


खटपट्या | रवि, रात्री १०:२५

वाखूसा (वाचनखूण साठवली)! छपरीचा वाडा आवडला.

एक गंमत राहिली. त्या फोनच्या प्रोग्रॅमवर काम करताना लिनसने एकदा मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच फोन लावला. डायल करायच्या आज्ञा जाऊन पडल्या डिस्कवर आणि मिनिक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा कप्पा, गेलं. तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा होत्या: मिनिक्स पुन्हा टाकायचं, किंवा आपलंच पोरकट बाळ चालायला लागेपर्यंत नेटाने वाढवायचं. त्याने दुसरी धरली.

मला हे फार जवळचं वाटतं, कारण मी १९९८ मध्ये एका संगणक मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकताना वडिलांची सगळी बिलं असलेलं पार्टिशन पुसलं होतं. इन्स्टॉलरने तीनदा विचारलं, खात्री आहे का. मी तिन्ही वेळा हो म्हटलं. फरक एवढाच की त्याने पुढे कर्नल (सिस्टीमचा गाभा) लिहिला आणि मी दोन आठवडे दुकानात बसून बिलं परत टाइप केली.


कुंपणाबाहेर | रवि, रात्री ११:१०

लेख बरा आहे, पण स्टॉलमनला चार ओळींत गुंडाळलंत ते बरं नाही केलंत काका. सगळीकडे हेच होतं.

ती प्रिंटरची गोष्ट तरी सांगायची. एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक जुना प्रिंटर होता. कागद अडकला की ज्यांची छपाई रांगेत आहे त्यांना संदेश जाईल अशी सोय तिथल्या पोरांनी कोडमध्ये स्वतःच करून घेतली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर भेट आला. कागद यातही अडके, पण कोड मिळेना, म्हणजे संदेशाची सोय करता येईना. दुसऱ्या विद्यापीठात एकाकडे तो कोड होता. स्टॉलमन मागायला गेला, तर तो म्हणाला, देणार नाही, तसं लिहून दिलंय. अडकलेल्या कागदावरून माणूस पेटला. नोकरी सोडून १९८४ पासून एकेक अवजार घडवायला बसला: ईमॅक्स हा संपादक, १९८७ मध्ये जीसीसी कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करून देणारा). लिनसने आपला कर्नल याच जीसीसीवर कंपाइल केला. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, १९८९ मध्ये कोड मोकळाच राहावा म्हणून जीपीएल परवाना.

ग्नूचं सगळं तयार होत आलं, फक्त कर्नल नव्हता. त्यांचा हर्ड १९९० मध्ये सुरू झाला आणि रखडला तो रखडलाच. लग्नाची सगळी तयारी, नवरदेवच नाही. तेवढ्यात हेलसिंकीहून एक पोरगा आला आणि बोहल्यावर चढला. आता पत्रिकेत फक्त त्याचंच नाव छापायचं? म्हणून आम्ही ग्नू/लिनक्स म्हणतो.


तिरपागडा | रवि, रात्री ११:३२

आलं, ग्नू/लिनक्स आलं. पाचव्या प्रतिसादात येईल म्हणून पैज लावली होती, दुसऱ्यातच आलं. (ह. घ्या.)


कुंपणाबाहेर | रवि, रात्री ११:४०

हलकंच घेतलं. पण मुद्दा खोटा आहे का?


सुलभाताई | सोम, सकाळी ८:०५

मुद्दा खोटा नाही, पण अर्धा आहे. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये कर्नल लिनक्सचा आहे आणि ग्नूचं जवळपास काही नाही. सी लायब्ररीसुद्धा (प्रोग्रॅमना लागणारा पायाभूत कोड) गूगलने स्वतःची केली. म्हणजे नवरदेवाने पुढे दुसरंही लग्न केलं आणि तो संसार जास्त वाढला. म्हणून मी दोन्ही नावं वापरते. डेस्कटॉपबद्दल बोलताना ग्नू/लिनक्स, फोनबद्दल नुसतं लिनक्स. दोन्हीकडच्या शिव्या खाते.


हेलसिंकीकर | सोम, दुपारी ३:२०

इथे राहतो म्हणून थोडी भर घालतो. लिनसची मायबोली फिनिश नव्हे, स्वीडिश. इथे स्वीडिश बोलणारे अवघे पाच टक्के. आपल्याकडे बेळगावात किंवा बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलासारखं समजा: घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि कामाला तिसरी. त्याचे आजोबा संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी घेतलेल्या कमोडोर व्हिक-२० वर हा लहानपणी त्यांच्यासाठी प्रोग्रॅम टाइप करून द्यायचा.

सुरुवातीच्या परवान्यात पैसे घेऊन वाटायलाच बंदी होती. लोक विचारायचे, तुला काय पाठवू? तो म्हणायचा, पोस्टकार्ड पाठवा. जगभरातून पोस्टकार्डं यायला लागली तेव्हा घरच्यांना कळलं की हा खोलीत बसून काहीतरी करतोय. पुढे त्या हप्त्यावरच्या पीसीचे उरलेले पैसे फेडायला नेटवरच्या लोकांनी वर्गणी काढली. गणपतीसारखी, पण पावतीपुस्तकाशिवाय.

१९९१ च्या नाताळातली गोष्ट तर फारच सांगण्यासारखी. जर्मनीतल्या एकाकडे २ एमबी मेमरीचं यंत्र होतं, त्यात कर्नल कंपाइल होईना. त्याने विचारलं, काही करता येईल का? लिनसच्या स्वतःच्या यंत्राला गरज नव्हती, तरी सुट्टीत बसून त्याने मेमरी अपुरी पडली की डिस्कवर पानं टाकायची सोय लिहिली. मिनिक्समध्ये ही सोय नव्हती. १९९२ च्या सुरुवातीला ०.१२ आली, तिच्यात ही सोय होती, आणि त्याच सुमारास परवाना बदलून जीपीएल केला. मिनिक्सचं गिऱ्हाईक तिथून हलायला लागलं.

टॅनेनबॉम गुरुजी २९ जानेवारी १९९२ ला जाहीरपणे चिडले त्यात नवल नाही. त्यांचं म्हणणं, सगळं एकाच गठ्ठ्यात बांधलेला कर्नल म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाणं. माझा विद्यार्थी असतास तर या रचनेला चांगले गुण मिळाले नसते. बावीस वर्षांच्या पोराने तिथल्या तिथे उलट उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी सूर जरा जास्त लागल्याबद्दल माफीही मागितली. तात्त्विकदृष्ट्या गुरुजींचं अगदीच चुकीचं नव्हतं. पण पोराचं चालत होतं आणि घेऊन जायला मोकळं होतं.


काळा डगला | सोम, रात्री १०:४५

बांधावरचा साहेब, प्रश्न कायद्याचा आहे आणि तुमच्या दादांनी तो अचूक विचारला आहे. वकिली करतो म्हणून सांगतो.

कर्नलचा प्रताधिकार एकाच्या नावावर नाही. ज्याने जी ओळ लिहिली ती त्याची, किंवा तो पगारावर असेल तर त्याच्या कंपनीची. ०.०१ ला लिनसचं एकट्याचं नाव. १९९४ च्या मार्चमध्ये १.० आली तेव्हा १,७६,२५० ओळी आणि बरीच नावं. आज ओळी चार कोटींच्या आसपास आणि सहहिस्सेदार हजारोंनी. एवढ्या नावांचा सातबारा छापला तर कागद संपेल.

इथे ग्नूवाल्यांची आणि लिनसची पद्धत वेगळी पडली. ईमॅक्स-जीसीसीसाठी कोड द्यायचा तर स्टॉलमनच्या फाउंडेशनला चक्क हक्कसोड पत्र लिहून द्यावं लागे. सगळी मालकी एका नावावर, म्हणजे कोर्टात उभं राहायला सोपं. लिनसने हक्कसोड कधी मागितलंच नाही. तेव्हा आळस म्हणा किंवा काही म्हणा, परिणाम असा की आता लिनक्स कुणी विकूच शकत नाही. लिनसला उद्या शंभर अब्ज डॉलर दिले तरी तो विकू शकत नाही, कारण बाकीच्या हिस्सेदारांच्या सह्या कुठून आणणार? काही वारलेत, काहींच्या कंपन्या बुडाल्यात, काहींचा फक्त एक जुना ईमेल पत्ता शिल्लक आहे. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली तेव्हा कर्नल दुसरीवरच राहिला. लिनसला तिसरी आवडली नव्हती हे खरं, पण आवडली असती तरी सगळ्यांची संमती गोळा करणं अशक्यच होतं.

सातबाऱ्याच्या भाषेत, जीपीएल हा 'इतर हक्क' या रकान्यातला बोजा आहे. वापरा, बदला, विका. पण पुढच्याला द्याल तेव्हा कोडही त्याच अटींवर द्या. जमीन कितीही हात बदलू दे, बोजा उतरत नाही.

फक्त लिनक्स या नावाचा ट्रेडमार्क लिनसच्या मालकीचा आहे, आणि तोही सहज मिळाला नाही. नव्वदच्या दशकात बॉस्टनकडच्या एका माणसाने अमेरिकेत ते नाव गुपचूप स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि कंपन्यांकडे पैसे मागायला लागला. प्रकरण कज्ज्यात गेलं, १९९७ मध्ये तडजोड होऊन नाव लिनसकडे आलं.

आता खरा तमाशा. मार्च २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला: युनिक्सचा आमचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घुसवला, १ अब्ज डॉलर टाका. पुढे आकडा वाढवून ५ अब्ज. लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांनाही पत्रं गेली. शेजारच्या गटाच्या मालकाने उठून अख्खा गाव माझ्या बांधावर बसलाय म्हणावं तसं. कोर्टात कागद उघडले तर युनिक्सचा प्रताधिकार एससीओच्या नावावर नव्हताच, तो नॉव्हेल या कंपनीकडेच राहिला होता. २०१० मध्ये ज्यूरीनेही तेच सांगितलं. खरेदीखत न वाचता दावा लावणारे आमच्या तालुक्यातही आहेत, पण ५ अब्जांचा दावा लावलेला अजून पाहिला नाही.

त्या धसक्याने २००४ मध्ये नियम आला: पॅच (कोडमधला बदल) पाठवणाऱ्याने खाली स्वतःच्या नावाने लिहायचं की हा कोड द्यायचा मला अधिकार आहे. आजही प्रत्येक बदलाखाली ती ओळ असते.


रोकडा | मंगळ, सकाळी ९:१५

भक्तिभाव छान आहे, पण हौशी पोरांनी मिळून केलं ही दंतकथा आता आवरा. आज कर्नलमध्ये येणारा बहुतेक कोड पगारी माणसं लिहितात. इंटेल, गूगल, रेड हॅट, हुआवे. २००० च्या सुमारास आयबीएमने १ अब्ज डॉलर लिनक्सवर खर्च करायचं ठरवलं ते दानधर्म म्हणून नव्हे. सर्व्हरचा धंदा होता. सातबाऱ्यावर नावं हजारोंची असतील, पीक कोण काढतंय ते बघा.


काळा डगला | मंगळ, सकाळी ११:००

मान्य. पण पीक काढणाऱ्यांना एकमेकांशेजारी, त्याच रानात, एकमेकांना कोड दाखवत काम करावं लागतं हे त्या बोजामुळेच. नाहीतर प्रत्येकाने आपापला तुकडा तारेत घातला असता. युनिक्सचं ऐंशीच्या दशकात नेमकं तेच झालं: सनचं वेगळं, एचपीचं वेगळं, आयबीएमचं वेगळं.


सुलभाताई | मंगळ, दुपारी १:३०

आणि नशिबाचा वाटा विसरू नका. बर्कली विद्यापीठाचं बीएसडी हे युनिक्सच्या जवळचं, तयार, मुरलेलं. १९९२ मध्ये ३८६ साठीही निघालं होतं. पण त्याच वर्षी एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडीवाल्यांवर दावा लावला, तो १९९४ मध्ये मिटला. तोवर लोक बिचकले. त्या दोन वर्षांत लिनक्स मोठं झालं. लिनसने स्वतः म्हटलंय की ते बीएसडी वेळेवर हाताशी असतं तर मी हा उद्योग केलाच नसता. दुसऱ्याच्या घरचा कज्जा आणि याच्या घरी पाळणा.

बाकी वाढ सगळ्यांना माहीत आहे म्हणून पळत पळत: १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही लिनक्सची तयार संचरूपं (इयन मर्डॉकने मैत्रिणीचं डेब आणि स्वतःचं इयन जोडून केलेलं नाव), २००४ मध्ये तसंच उबुंटू, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत एकही असा नाही ज्यावर लिनक्स नाही. आपल्या सी-डॅक पुण्याचा परम सिद्धी-एआय २०२० मध्ये त्या यादीत ६३ वा होता, तोही त्यातलाच.


पोस्टाची पेटी | मंगळ, रात्री ९:००

उबुंटूच्या फुकट सीडीची आठवण कुणीच काढली नाही? वेबसाइटवर पत्ता टाकायचा की महिन्या-दोन महिन्यांनी परदेशी शिक्क्याचं पाकीट घरी. आमच्या पोस्टमनकाकांना वाटलं पोराला बाहेरून नोकरीचं बोलावणं आलं, त्यांनी आईकडे पेढे मागितले. आईने दिलेही! २०११ मध्ये ती योजना बंद झाली. सीडी अजून आहे, लॅपटॉपला सीडीचा खण नाही.

अवांतर: तेव्हा उबुंटूवर मराठी वाचताना 'दऱ्या' आणि 'दर्या' यातला फरक कधी दिसायचा, कधी नाही. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र व्हायचा. रेड हॅटने खुल्या परवान्यात दिलेल्या लोहित फॉन्टमधला हा र सुधारला की नाही हे मी दर आवृत्तीला 'सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर' टाइप करून बघायचो. लोहित म्हणजे लाल, टोपी लाल म्हणून फॉन्टही लाल. हे नाव सुचलेल्याला माझ्याकडून चहा.


बांधावरचा | बुध, रात्री १०:१५

सगळ्यांना दंडवत. काळा डगला यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दादाला फोनवर ऐकवला. हक्कसोड पत्राला तो "हां!" म्हणाला. मग लगेच, "हिस्सेदार हजारो, मग फेरफार मंजूर कोण करतं?"

म्हटलं, प्रत्येक विभागाचा एक सांभाळणारा असतो, तो पॅच तपासून पुढे पाठवतो, शेवटी लिनस घेतो. नवं काम घ्यायला दोन आठवडे, मग सातएक आठवडे फक्त चुका काढणं, की पुढची आवृत्ती. दादा खूश. "म्हणजे तलाठी नोंद धरतो आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. हरकतीला मुदतही आहे. नीट चाललंय की मग." फेरफाराची वही कुठे असते विचारलं. तर गिटचं सांगितलं, २००५ मध्ये आधीच्या साधनाचा फुकट परवाना गेल्यावर लिनसने काही दिवसांतच लिहून काढलेलं, प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, का केला सगळं त्यात. खाडाखोड केली तर लगेच उघडकीला येते हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. आपल्या दप्तरातल्या कुठल्या वहीची आठवण झाली ते मी विचारलं नाही.

शेवटी म्हणाला, "त्या लिनसचा चार्ज पुढे कुणाकडे?" २०१८ मध्ये तो महिनाभर बाजूला झाला होता तेव्हा ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी आवृत्ती काढली, काही अडलं नाही, एवढं सांगितलं. "मग ठीक. माझ्या पीसीवर पण टाकून दे रविवारी. फक्त प्रिंटर चालला पाहिजे, तुझ्या वहिनीला भजनाचे कागद काढायचे असतात."


खटपट्या | बुध, रात्री १०:३१

प्रिंटरचं मॉडेल टाका. आणि काका, त्या पार्टिशनवर दादांचं काय काय आहे ते आधी पेनड्राइव्हवर घ्या. तीनदा विचारेल.